काठीच्या तोंडावरचे ठसे

३ मार्च, मंगळवार

नव्या काठ्या आल्या. सात लोखंडी काठ्या, डोक्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं, नव्या नवरीसारख्या झाकून! मालक म्हणतात, "हात धुऊन मग हात लाव." बारा वर्षं या रेंजवर, गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, लोकांच्या काठ्या पुसतेय, आणि मला शिकवतात!

२८ तारखेला कंपनीचा माणूस येणार. त्याच्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, दादानं या काठ्या मारून दाखवायच्या. दादा इथला मास्तर. मालकांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं — "तुझा भाऊ म्हणून आधी तुला सांगतो. तो दिवस नीट गेला तर मास्तर राहतील. नाहीतर कुणीतरी तरुण बघावा लागेल. त्यांना बोलू नकोस." बोलते कशाला! बासष्टीचा माणूस. बायको नाही, पोर नाही. हे मैदान काढून घेतलं तर उरतं काय त्याचं?

काठीच्या तोंडावर मी पांढऱ्या पावडरचा फवारा मारते. चेंडू लागतो तिथे गोल ठसा उठतो. ठसा मधोमध हवा. दादाचे सगळे एकावर एक पडायचे, दहा चेंडू मारले तरी एकच ठसा दिसायचा.

आज तसे नव्हते. एक टोकाला, एक दांड्याजवळ, एक पार खालच्या कडेला.

पूर्वी काठी उलटी करून स्वतः बघायचा. आज म्हणाला, "चष्मा घरी राहिला. कुठे बसला गं?"

"मधोमध," म्हटलं. आणि फडकं फिरवलं.

४ मार्च

काठ्या नव्या आहेत. हात बसायला वेळ लागणारच. दुसरं काय!

९ मार्च, सोमवार

त्याची जुनी काठी मुद्दाम हातात दिली. "हिनं मार जरा." ठसे तसेच. भरकटलेले. म्हणजे काठीचा दोष नाही.

जुनी काठी परत पिशवीत ठेवली.

"कुठे बसला?" — "मधोमध." रोज तेच. फडकं हातात तयारच ठेवते. मी घाईनं पुसते ते बघून हसतो — "तुझ्या तोंडापेक्षा काठीचं तोंड बरं. पुसलं की गप्प होतं."

"माझं पुसायला येऊन तर बघ, बोटं जागेवर राहायची नाहीत!"

पलीकडची गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. हसले कसली, दात दाखवले.

१३ मार्च

चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतला. सगळा ओट्यावर. "कप कुणी सरकवला?" म्हणतो. घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "मीच सरकवला."

विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं की खरं होतं.

१९ मार्च, गुरुवार

मालक आज सरळच म्हणाले, "बाई, ठसे तू बघतेस. मास्तरांचं कसं चाललंय? खरं सांग."

"लोण्यातून सुरी जावी तसं."

मान हलवून गेले. खोटं पाळलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. कुत्र्याला निदान आपला माणूस तरी कळतो.

२७ मार्च

उद्या. झोप नाही. काठ्या दोनदा पुसल्या, एक तर तिसऱ्यांदा.

२८ मार्च, शनिवार

वीसेक माणसं. कंपनीचा माणूस लाल टाय लावून, दात काढत. दादानं स्वच्छ शर्ट घातलेला, इस्त्रीचा. मीच केली होती.

पहिला चेंडू बरा गेला. दुसरा जमिनीवरून फरफटत. तिसरा दांड्याला लागून आडवा सुटला — बाजूच्या लाकडी फळीवर धाडकन! फळीला टेकून एक गिऱ्हाईक उभं होतं. कानाजवळून गेला. मागच्या एका बाईंचा कप खाली पडून फुटला. कुणी ओरडलं, "अहो, मारता कुठे!"

मी फडकं घेऊन धावले. लाल टायनं आधीच काठी उचलली होती. तोंड सगळ्यांकडे करून धरली. तीन ठसे, तीन दिशांना. "मास्तर, या काठीचं माप तुम्हाला जमत नाहीये बहुतेक," म्हणाला. गोड बोलून. लोक हसले.

मालक दादाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

दादानं हातमोजा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. खाली उतरताना पायरी चुकला. तेव्हा मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "बास. डोळे दाखवायचे."

३० मार्च, सोमवार

डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. आतला. डॉक्टरीण बाई तरुण, पण फटकळ, माझ्यासारखी. "कधीपासून?" दादा म्हणे, "आठवत नाही." मी म्हटलं, "महिना झाला."

"मग महिनाभर काय करत होता? सुरुवातीला आणलं असतं तर चिकटवता आला असता. आता करू ऑपरेशन, पण नजर परत येईल याची आशा धरू नका."

महिनाभर काय करत होते? पुसत होते.

घरी आलो. मालकांचा निरोप आला होता, मास्तरांनी आता आराम करावा म्हणून.

१ एप्रिल, बुधवार

सांगून टाकलं आज. सगळं. ठसे, फडकं, मालकांना मारलेल्या थापा. वाटलं, शिव्या घालेल. मला हव्याच होत्या.

"माहीत होतं," म्हणाला. "चेंडू मधे बसला नाही की मनगटाला झिणझिण्या येतात. चाळीस वर्षं मारतोय, मला कळणार नाही?"

"मग रोज विचारायचास कशाला, मेल्या?"

खिशातला हातमोजा काढून ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "ठरवलं होतं — ज्या दिवशी तू खरं सांगशील, त्या दिवशी काठी ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं."