आबासाहेबांचं इंग्रजी आणि मेलेला लिंबाजी

राजमान्य राजश्री दिनकरराव, मुक्काम सेलू, यांस पेडगावहून धाकटा साडू चंद्रभान याचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचं पोट आता कसं आहे? भिवराक्का आणि लेकरं सुखरूप असतील. तुम्ही शिकवता त्या मदरशातली पोरं अजून तुमचं इंग्रजी ऐकून जिवंत असतील तर त्यांनाही आशीर्वाद. इकडची खुशाली विचाराल, तर मी पडलो घरजावई. सासऱ्यांची जी खुशाली तीच माझी. आणि सासऱ्यांची खुशाली तुम्ही टपालानं पाठवलेल्या एका वाक्यानं पार उलटीपालटी केली आहे. ते सविस्तर लिहितो, कारण असं यश तुमच्या पदरात पुन्हा कधी पडेल असं वाटत नाही.

गावची पोलीस पाटीलकी रिकामी झाल्यापासून आबासाहेबांना रात्रंदिवस तिचाच ध्यास. त्यात आबकारीचे गोरे साहेब दौऱ्यावर येणार आणि त्यांची शिफारस वर चालते, अशी बातमी आली. मग आपल्या सासऱ्यांनी मनाशी घेतलं, की साहेबांनी ‘आबासाहेब कोण?’ म्हणून विचारलं की आपण उठून इंग्रजीत ‘मीच तो’ म्हणायचं. स्टेशनमास्तर म्हणाले, ‘इट इज मी’ म्हणा, सगळे गोरे गार्ड तसंच म्हणतात. तुम्ही मात्र चार ताव भरून लिहिलंत, की ‘मी’ म्हणणारा अडाणी, सभ्य माणूस ‘इट इज आय’ असंच म्हणतो. आबासाहेब कितीतरी दिवस स्टेशन आणि टपालपेटी यांच्यामध्ये हेलपाटे घालत होते. मला स्वतःला स्टेशनमास्तरांचं पटलं होतं (निदान शेवटचा शब्द तरी आपल्या ओळखीचा), पण घरजावयाचं मत कोण विचारतो? अखेर तुमचं पत्र जाड म्हणून तुम्ही जिंकलात. मग आबासाहेबांनी तालीम सुरू केली. देवपूजेत ‘इट इज आय’, मोटेवर ‘इट इज आय’. एके दिवशी गोठ्यात म्हशीपुढं छाती काढून म्हणताना सासूबाईंनी पाहिलं. ‘आवं, म्हशीसंग काय बोलायलाव? येड लागलं का तुमास्नी?’ म्हणून त्या तिथंच रडायला बसल्या.

आता आपल्या पेडगावची रीत तुम्ही विसरला असाल, शहरात राहता. (सेलूला शहर म्हणायला माझी हरकत नाही, तुम्ही म्हणता म्हणून.) सरकारी माणसानं ‘हे कोणी केलं’ असं विचारलं, की इथं जिवंत माणसानं केलेलं काहीच नसतं. हल्ली सगळं लिंबाजी करतो. लिंबाजी पटकीत गेला त्याला बरीच वर्षं झाली. मागं रडायला कोणी नाही, म्हणून गावानं त्याला कामाला लावलं. सरकारी कुरणात जनावरं घातली लिंबाजीनं, पुलाचे दगड नेले लिंबाजीनं. त्याच्याआधी ही जबाबदारी एका मेलेल्या गोसाव्याकडं होती. अंमलदारही शहाणे, ते ‘मुजरिम फौत’, म्हणजे गुन्हेगार मेला, असं लिहून घेतात, गावची कोंबडी खातात आणि परत जातात. सगळ्यांचीच सोय होते.

तर ओढ्याकाठची शिंदीची झाडं आबकारी खात्याची, म्हणजे सरकारची. त्यातली सगळ्यात सरळ चार गेल्या उन्हाळ्यात नाहीशी झाली. ती कुठं गेली हे तुम्हाला सांगायला नको, कारण सध्या ती तुमच्या नव्या गोठ्याचं छप्पर तोलून आहेत. ‘सासरेबुवा, लाकूड जरा सरळ पाहून पाठवा’ हे वाक्यही तुमचंच. (ते मात्र मराठीत होतं, म्हणून बिनचूक समजलं.)

साहेबांची राहुटी आमराईत पडली. गाव जमलं. लिंबाजीच्या वतीनं नेहमी बोलणारा आश्रुबा नवा पटका बांधून पुढं बसला होता. साहेब इंग्रजीत बोलले. बरंच लांब बोलले, आणि त्यात कुठंतरी ‘हू’ आलं. सगळं गाव साहेबांच्या कारकुनाच्या, पेशकाराच्या, तोंडाकडं पाहत थांबलं. आबासाहेब थांबले नाहीत. उलथ्याची, म्हणजे भाषांतराची, वाट पाहणं म्हणजे आपल्याला इंग्रजी येत नाही हे चारचौघांत कबूल करणं! उठले, फेटा सावरला आणि गरजले, ‘इट इज आय!’ साहेबांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा विचारलं. हे पुन्हा गरजले, आणखी जोरात. मग पेशकार बारीक आवाजात म्हणाला, ‘साब पूछ रैं, सिंदी के झाडां कौन काट्या?’

आश्रुबा ओरडला, ‘न्हाई सायेब, लिंबाजीनं तोडली! लय वंगाळ मानूस होता!’ पण आता लिंबाजीला कोण विचारतो? आबासाहेबांना नाही म्हणता आलं असतं. पण त्याला इंग्रजीचं दुसरं वाक्य लागतं आणि तुम्ही एकच शिकवलं होतं. इंग्रजीच्या घोड्यावरून सगळ्या गावादेखत खाली उतरून मराठीत गयावया करणं त्यांच्या जिवावर आलं. ते तसेच ताठ उभे राहिले. दिनकरराव, खरं सांगतो, मला त्या वेळी सासऱ्यांची कीव यायला हवी होती, पण भरून आलं. ‘हुजूर’, ‘फिदवी’, ‘गुलाम’ म्हणता म्हणता आपल्या मुलखाचा कणा वाकून गेला. अंमलदारापुढं उभं राहून ‘मी केलं’ म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, मग तो चुकून का म्हणेना.

साहेबांनी खुर्चीवरून उठून त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले (पेशकारानं सांगितलं), माझ्या सगळ्या नोकरीत मला मेलेलेच गुन्हेगार भेटले, जिवंत असा हा पहिला. पाटीलकीसाठी याचीच शिफारस करीन; मात्र येत्या बाजाराच्या दिवसाआत चारही लाकडं परभणीच्या कचेरीत जमा झाली पाहिजेत. नाही झाली, तर कबुली दिलेलीच आहे, सरळ तुरुंग. तेव्हापासून आबासाहेब ओट्यावर बसून आहेत, जेवणाकडं बघत नाहीत. सासूबाईंचा निरोप जसाच्या तसा देतो: ‘जावईबापूस्नी म्हनावं, लय शिकीवलं तुमी. आता तुमच्याच इंग्रजीनं यास्नी सोडवा.’

मी स्वतः तुमच्याकडं काहीही मागत नाही. विद्वान माणसाला व्यवहारात ओढू नये, एवढी अक्कल घरजावयालाही असते. कळावे. आपला माझ्यावर लोभ किती आहे ते ठाऊक आहे. आहे त्याहून कमी होऊ नये, ही विनंती.

आपला साडू,
चंद्रभान

ता. क. – ती चार लाकडं द्यावीत. सासरे तुरुंगात बसण्यापेक्षा तुमची गाय चार दिवस उन्हात बसलेली बरी.

दुसरा ता. क. – वरच्या ता. क.ला उत्तर धाडण्याची तसदी घेऊ नका. तुम्हाला नुसतं विचारलं, तर तुम्ही त्या विनंतीचं व्याकरण तपासत बसाल आणि बाजाराचा दिवस उलटून जाईल. म्हणून पत्र घेऊन आलेल्या सटवाजीबरोबर बैलगाडी आणि चार धट्टेकट्टे गडीही पाठवले आहेत. दुसऱ्याचं पत्र तुम्ही तांबडी शाई हाताशी घेऊन, एकेका शब्दाशी थांबत वाचता, हे आपल्या साऱ्या गोतावळ्याला माहीत आहे. म्हणून मुद्दाम इंग्रजीचा विषय काढला आणि एवढा पाल्हाळ लावला. तुम्ही या ओळीपर्यंत येईतो शेवटचं लाकूड गाडीत पडलेलं असेल. गड्यांवर रागावू नका, ते कुंपणावरून उडी मारून आलेले नाहीत. मागचं दार भिवराक्कांनी आतून उघडून दिलं आहे. बाप त्यांचाही आहे.