संदर्भसूचीत तू त्याच्या वर आहेस

प्रिय ताई,

तुझ्यासाठी मी या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण ते कुठल्याच सूचीत नाही. चांदवडच्या पडवीत तुझं लाकडी टेबल केलं, त्याचा एकही पाय कधी डगमगला नाही. तुझ्या कांद्याच्या प्रयोगासाठी बांबूच्या पट्ट्या आणि जाळी लावून ट्रे केले, वरच्या थराला धक्का न लावता खालचा बाहेर काढता येईल असे. भंगारातून वजनकाटा आणून नीट केला. तुझा प्रबंध टाइप केला, आणि टाइप करता करता संदर्भ कसे लिहायचे ते शिकलो. कुणी शिकवलं नाही. तूही नाही! आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची असते हे तुला शेवटपर्यंत जमलं नाही.

आज लिहायला बसलो, कारण अंक छापून आलाय. सिडकोतल्या घराच्या जिन्यातच मी पाकीट फाडलं आणि उभ्या उभ्या शेवटची पानं उघडली. ताई, रत्नपारखी सापडला.

"गाईड होते माझे, सर म्हण रे," असं तू म्हणशील. नाही म्हणणार.

तुला माहीत आहे, त्या शेतीच्या त्रैमासिकाच्या प्रत्येक लेखाची संदर्भसूची माझ्याकडे येते. नाव, वर्ष, शीर्षक, पान, सगळं मूळ अंकाशी ताडून पाहायचं आणि मग ठरलेल्या साच्यात बसवायचं. तिरपा टाइप कुठे, स्वल्पविराम कुठे. लोकांना वाटतं हे कारकुनी काम आहे. वाटू दे. पावसाळ्यात त्याचा लेख आला. कांदा साठवणीच्या चाळीत सडतो तेव्हा आधी कुठला थर सडतो, हे थराथरानं वजन करून कसं ओळखावं, यावर. पहिल्याच पानावर काय लिहिलं होतं माहीत आहे? 'माझी थरवजन पद्धत'!

माझी? चाळीतल्या त्या घाणीत नाकाला पदर बांधून तू उभी होतीस. ट्रे माझे होते. तो महिन्यातून एकदा जीपमधून यायचा, चहा प्यायचा आणि "छान, छान" करून जायचा.

सूची उघडली. तुझा पहिला लेख, 'निकम, सु. ए. आणि रत्नपारखी' असा छापलेला, त्यानं नुसता 'रत्नपारखी' करून टाकला होता. एकटा! आणि त्याच सूचीत, वणीच्या चाळींवरचा तुझा लग्नानंतरचा लेख मात्र अगदी बरोबर लिहिला होता, 'देवरे, म. वि.' कारण मजकुरात त्यानं शाबासकी दिली होती: 'देवरे यांनीही माझी पद्धत यशस्वीपणे वापरली आहे.'

तुलाच तुझ्याविरुद्ध साक्षीदार केलं त्यानं. मी खुर्चीतून उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. पुन्हा वाचलं. तेच होतं.

तुझ्या लग्नात भाऊजींनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'मधुरा' लिहिलं आणि आम्ही पेढे खाल्ले. सुलभा एकनाथ निकम त्या ताटात संपली. एवढं सोपं होतं का गं ते? आई तेवढी म्हणाली होती, "लय शिकलेली पोर हाय, कागदावरचं नाव कोण बदलणार?" सगळे हसले. तूही हसलीस.

आणि मग तो लेख! देवरे म्हणून लिहिताना तू निकमचा संदर्भ दिलास, नियमाप्रमाणे. तर छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकानं शेरा मारला की लेखिकेनं या निकमबाईंची भेट घेतल्यास फायदा होईल. तू फोनवर हसून हसून बेजार. "वसंता, सांग ना, कुठे भेटतील त्या?" मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

रत्नपारखीनं नेमकं हेच धरलं. निकम नावाची बाई आता कुठे नाही, तिच्या वतीनं कोण बोलणार?

मी संपादकबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं की ही माझी सख्खी बहीण. त्या म्हणाल्या, "तुमची बहीण असो नाहीतर वैरीण, मूळ अंकात काय छापलंय ते दाखवा." दाखवलं. त्यांनी लेखकाला विचारणा पाठवली आणि खाली माझा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"कोण बोलतंय? हे निकमचं काय काढलंय? ती बाई आता या क्षेत्रात नाही हो. लग्न करून गेली."

"हो सर. पाठवणी मीच केली."

"म्हणजे? तुम्ही कोण?"

"तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसला होतात," मी म्हटलं, "जिलबी दोनदा मागून घेतलीत. वाढायला मीच होतो."

हे ऐकवण्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो, ताई! तू मला थांबवलं होतंस. दर वेळी तेच, "जाऊ दे रे, मोठा माणूस आहे." काय मिळालं जाऊ देऊन? तू गेलीस तेव्हा शोकसभेला तो आला, चांगली माणसं लवकर जातात म्हणाला, आणि प्रयोगाबद्दल चकार शब्द काढला नाही. याचा राग मला त्याच्यावर आहे तसा थोडा तुझ्यावरही आहे. लिहून टाकतो एकदाचं.

फोननंतर तो घरी आला. धापा टाकत जिना चढला. मी पाणी दिलं, चहा दिला नाही. "वसंतराव," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा राव! "एका ओळीचा तर प्रश्न आहे. ती गेली बिचारी. आता तिला काय फरक पडतो?"

"तिला नाही पडत," मी म्हटलं. "तुम्हाला पडतो, म्हणून तर जिना चढलात."

मग त्यानं काहीतरी देऊ केलं. ते शेवटी लिहितो.

आता अंकात काय आहे ते ऐक. सूचीत तुझं नाव आहे, पहिलं, आणि आद्याक्षरांमध्ये जागा सोडून. सूचीत जे नाव पहिलं, तेच मजकुरात यावं लागतं, हा आमच्या अंकाचा नियम. त्यामुळे जिथे जिथे 'माझी पद्धत' होतं तिथे तिथे त्याला स्वतःच्या हातानं 'निकम यांची पद्धत' असं लिहावं लागलं. पानापानावर! आणि 'देवरे, म. वि.' पुढे मी मागितलेली टीप आहे: 'पूर्वीचे लेखन निकम, सु. ए. या नावाने.' शेवटी एकदाच्या त्या दोघी भेटल्या गं.

सूची वर्णमालेनं लागते. आधी द, मग न, आणि र कुठल्या कुठे खाली. दोन्ही नावांनी तू त्याच्या वर आहेस.

मला बरं वाटतंय. वाईट माणसासारखं बरं वाटतंय, आणि मला चालतंय.

ताई, शब्द देतो. त्याचं जुनं लिखाण मी आता एकेक करून काढणार. जिथे माझे ट्रे दिसतील आणि तुझं नाव दिसणार नाही, तिथल्या संपादकाला पत्र जाईल, मूळ पानासकट. तो असेतो आणि नसला तरी. "जाऊ दे" म्हणायला तू आता नाहीस, आणि असतीस तरी ऐकलं नसतं.

तुझा धाकटा,
निकम, व. ए.

ता. क. त्याचा गौरवग्रंथ निघतोय. त्याच्या पहिल्या पानावर 'संदर्भ-संपादक' म्हणून माझं पूर्ण नाव छापणार होता. माझं नाव आजवर कुठेच छापलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी नको म्हटलं. मग त्यानं खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तेही मोजून परत दिलं. त्यात पंचाहत्तर हजार होते.