निपाणीची गाठ

प्रिय सौम्या,

मैसूरची हवा मानवली का? ट्रेनिंग कसं चाललंय, हे विचारायला चार वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. असो. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही.

संपाचा आज अडतिसावा दिवस. रोज सफाईला सोळा खोल्यांऐवजी बारा द्या आणि ठेकेदाराकडून काढून आम्हाला कायम करा, एवढंच मागतोय. पण हॉटेलवाले दाद देत नाहीत. मांडव पोलिसांनी उतरवला. साठातले बावीस उरलोत. तुझे आप्पा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसेच गेटावर येतात आणि घोषणा नेहमी एक शब्द मागून देतात. पूर्वी सगळे हसायचे. पहिल्या आठवड्यात आमच्याबरोबर बसून तू लिहिलेला कन्नड फलक अजून आहे, पण अक्षरं उन्हाने विटलीत. खरं सांगू? आम्ही हरलोय. कुणी तोंडाने म्हणत नाही इतकंच.

मंगळवारी सकाळी मळक्या चादरींची गाठोडी लाँड्रीच्या गाडीत चढत होती. आमच्या जागी ट्रेनिंगच्या नावाखाली कॉलेजच्या मुली आणल्यात, हे ठाऊक होतं. पण गाठोड्यांवर निपाणीची गाठ होती. माझ्या आईने तंबाखूच्या वखारीत जन्मभर बांधली ती: समोरासमोरची टोकं बांधायची आणि शेवटचं आत खोचायचं. बाकीच्या बायका चारही टोकं एकत्रच बांधतात. अकरा वर्षं या हॉटेलात माझं गाठोडं लांबून ओळखू येतं. आमच्यातल्या भागुबाईने आधी गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रात्री गुपचूप आत जाऊन काम करतेस का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं.

हॉस्टेलला जाताना तू तशाच गाठीने बांधलेली गादीची वळकटी मला आठवली. ही गाठ मी आयुष्यात एकीलाच शिकवली आहे.

मी हो म्हणाले.

आता गेटावर मला कुणी चहा देत नाही. आप्पा रात्री कारखान्यात असतात, त्यामुळे त्यांनाही खरंच वाटलं. तीन दिवस त्यांनी माझ्या हातचा डबा नेला नाही. ट्रेनिंग मैसूरला आहे असं तू खोटं सांगितलंस याचा मला राग आहे, खूप आहे. पण ट्रेनिंग सोडलंस तर कॉलेज सर्टिफिकेट देणार नाही आणि तुझ्याही नशिबी सोळा खोल्या येतील, हेही कळतं. म्हणून हे पत्र मैसूरला पाठवत नाही. लाँड्रीच्या गाडीवरचे नागराज अण्णा धुतलेल्या चादरींत घालून ते तुला आत देतील. बाहेर ये, असं म्हणायला लिहिलं नाही; बाहेर येण्यासारखं काही उरलेलं नाही. आप्पांनी आजपासून रजा घेतली आहे. मी रात्री निसटू नये म्हणून ते दाराशी अंथरूण टाकणार आहेत. मी रात्रभर घरात असूनही उद्या सकाळी पुन्हा ती गाठ दिसली, तर कुणाची ते त्यांना कुणी सांगावं लागणार नाही. तेव्हा पोरी, आजपासून गाठोडी सगळ्यांसारखी बांध.

तुझीच, गेटाबाहेरची,
आई