वाघरीतला एक दिवस

सांगली,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रेश्मा हिस,
आईचा आशीर्वाद.

सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा शिवांजलीचा रुमाल शोधायला मी तुझी पर्स उघडली. आत राजीनाम्याचा कागद दिसला. तारीख आजची. रविवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून एकाच घरात राहून हे पत्र. दवाखान्यात तुझ्या औषधांच्या खिडकीत मीच आणून देणार आहे. आधी हे वाच. तो कागद नंतर दे, नाहीतर फाड.

बाकी ठीक. जयराजरावांचा राजस्थानातून फोन आला होता. लेकीची चौकशी केली, धूळ फार आहे म्हणाले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

शनिवारचं लिहिते. दूध पिता पिता शिवांजली म्हणाली, "आजी, धोंडुमावशी वाघलीत ठेवते." मला काही कळेना, तर पोरीने बोटांत बोटं अडकवून जाळं करून दाखवलं. तू कामावर गेल्यावर मी तिला नेहमीसारखं धोंडुबाईंच्या पाळणाघरात सोडलं, पण त्या दिवशी दारातून परतले नाही, मागच्या अंगणात गेले. चारी बाजूंनी खुंट्यांना बांधलेलं सुतळीचं जाळं, आत शिवांजली धरून बारा लेकरं, आणि धोंडुबाई म्हणतायत, "चला रं कोकरांनो!" माझं डोकं फिरलं. "महिन्याला पाच हजार घेता आणि लेकरं मेंढरांसारखी कोंडता?" मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "आवं बाई, वाघर हाय ती." मी ऐकून घेतलं नाही. पोरीला उचललं आणि रिक्षात बसले. ती घरापर्यंत रडली. मला वाटलं, भेदरली आहे.

रविवारी धोंडुबाईंनी तुला फोनवर सांगितलं, "ज्यांचा इस्वास न्हाई, त्यांचं पोर मी घेत न्हाई." मग तू मला पहिल्यांदा सगळं सांगितलंस. सात पाळणाघरं पाहिली होतीस. एकीकडे दिवसभर टीव्ही. एकीकडे वीस पोरांना एक मुलगी. एक चांगलं होतं तिथे बारा हजार, म्हणजे तुझा अर्धा पगार. मी साताऱ्याहून आलेली महिनाभराची पाहुणी; मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर तू एक वाक्य बोललीस. ते मी इथे लिहीत नाही.

काल तू रजा काढून घरी होतीस आणि मी बाजारात जाते म्हणून गेले, ते बाजारात गेले नव्हते. धोंडुबाईंची माफी मागायला गेले असं लिहिलं तर बरं दिसेल. मी भरलेले पैसे परत मागायला गेले होते.

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पैसं देते की. पर एक दिस वाघरीत बसा, मग न्या."

"मी? या वयात?"

"दोन वरसाची बसत्यात, तुमास्नी काय झालं?" त्यांची सून सोनिया तोंडावर पदर घेऊन हसली. मी चपला काढल्या आणि बसले.

रेश्मा, सदतीस वर्षं साताऱ्याच्या ट्रेझरीत मी लोकांचे हिशेब तपासले. चूक शोधायची नजर आहे माझी. काल सकाळपासून चूकच शोधत होते. भांडी पाहिली, पाणी पाहिलं, संडास पाहिला. जाळ्याची एकेक गाठ ओढून पाहिली. धोंडुबाईंच्या सासूने जतच्या माळावर विणलेली ती वाघर. मेंढरांमागे फिरताना तळ पडला की तिच्यात कोकरं ठेवायची. इथे समोर रस्ता आहे, ट्रॅक्टर जातात, म्हणून लावली. एकही गाठ सुटलेली नव्हती.

अकराच्या सुमाराला धोंडुबाई चुलीकडे तोंड करून भात ढवळत होत्या. मागे एक मूल रडायला लागलं. वळून न बघता त्या म्हणाल्या, "सोने, धैर्यशीलला घे. भूक न्हाई ती, झोप हाय." थोड्या वेळाने दुसरं. "त्येला राहू दे, राग हाय, जाईल." तिसऱ्याला मात्र हातातलं काम टाकून धावल्या. पायात बाभळीचा काटा. मला तिन्ही रडणी सारखीच ऐकू आली होती.

"कसं कळतं हो?" मी विचारलं.

"शंभर कोकरांत कुटलं वरडलं ते कळाया लागतंय. ही तर अकराच हायती."

ही बाई सही करताना अक्षर अक्षर जोडते. मी बी.कॉम. झाले ते १९७६ साली, आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसले. जेवण झाल्यावर तिने घशातून एक आवाज काढला. गाणं नव्हे, शब्द नव्हे, कळपाला हाकारतात तसा, पण हळू. अकराच्या अकरा आडवी झाली. खरं सांगते, माझीही मान कलली. जाग आली तेव्हा पोरं अजून झोपलेली होती.

पाच हजार मला जास्त वाटत होते. या कामाची किंमत किती लावावी, ते आता मला ठरवता येत नाही.

साडेपाचला आया जमल्या. कुणी हाक मारायची नाही, असा तिथला नियम आहे. धोंडुबाई वाघरीची एक बाजू सोडतात आणि बाजूला होतात. केवढा गलका! एवढ्या साड्यांत, एवढ्या ओढण्यांत प्रत्येक पोर नेमकं आपल्या आईच्या पायाला जाऊन भिडलं. एकही चुकलं नाही.

धोंडुबाई म्हणाल्या, "बाई, मेंढी चराया जाती म्हून कोकरू वाघरीत ऱ्हातं. टाकून गेली म्हून न्हाई. सांजंला येनार, ह्ये त्येला ठावं असतंय. आमी रोज सांगतो."

आता ते वाक्य लिहिते. "मला तर तू खाटेला बांधून जायचीस," असं तू म्हणालीस.

हो. १९९० साल. तुझे बाबा पलटणीत. सांभाळणारी बाई सोडून गेली आणि दुसरी मिळेना. सतरा दिवस. जुन्या पातळाची पट्टी, कमरेला सैल गाठ, जवळ चुरमुऱ्यांची वाटी. दुपारच्या सुट्टीत मी पळत यायची. पहिले काही दिवस तू दाराकडे झेपावायचीस. मग एक दिवस मी कडी काढली, तू वळून पाहिलंस आणि परत भिंतीकडे तोंड केलंस. त्याच आठवड्यात मी तुला आजोळी ठेवलं. लोकांना सांगितलं, तिकडची हवा चांगली आहे.

नाइलाज होता, हे मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगत आले. तो होताच. पण मी परत येणार आहे, एवढं तुला सांगून जाता आलं असतं. कडी लावताना मी एकदाही बोलले नाही. बोलले तर पाय निघणार नाही, अशी भीती वाटायची.

तुझी नोकरी माझ्या तोंडामुळे जाऊ नये. काल निघताना मी धोंडुबाईंची माफी मागितली, अकरा आयांसमोर. त्या म्हणाल्या, "उद्या आणा पोरीला. डबा न्हाई दिला तरी चालंल."

संध्याकाळी तू पुढे हो. मी फाटकाशी थांबते. पोरगी तुझ्याकडेच धावू दे.

तुझी,
आई

पोचते केल्याची नोंद:
मंगळवार, सकाळी पावणेदहा. धोंडुबाईंच्या हाती दिले: शिवांजली, वय दोन वर्षं चार महिने. कपड्यांचे दोन जोड. डबा (दिलाच). पायातला एक मोजा. दुसरा रिक्षात राहिला.
न्यायला येणार: तिची आई. वेळ साडेपाच.
हे शिवांजलीला सोडताना दोनदा सांगितले.