पाण्यातला 'ण'

स्लोव्हाकिया,
९ जानेवारी २०२५

ति. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हॅलो हॅलो करता, म्हणून कागद धरला. आमचं गाव अगदी सरहद्दीवर आहे. ओढ्यावरचा पूल ओलांडला की पोलंड. ना चौकी, ना शिपाई. म्हाताऱ्या इकडून तिकडं जातात आणि दोन्ही भाषांत भांडतात. मला आपला मराठी-कानडी उमरग्याचा बाजारच आठवतो. टेकडीवर मेंढरं पण आहेत, तुमच्या मेंढरांपेक्षा गुबगुबीत. रागावू नका.

काळजी एकच, माझ्या अस्मिताची. इथं शाळेतल्या बाईंना 'पानी' म्हणतात. पहिल्याच दिवशी पोरं 'पानी, पानी' ओरडायला लागली, तर ही आपली बाटली घेऊन बाईंकडं धावली. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून पोरीनं शाळेत तोंड उघडलेलं नाही. हे ट्रकवरून आठवड्यानं येतात. म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही तर तुम्ही दोघी गावी जा. आप्पा, मला यांना सोडून यायचं नाही. काय करू?

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, तीत दोन ओळींची भर घाला.

आपली,
सृष्टी

ता. उमरगा,
२ फेब्रुवारी

चि. सौ. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद. आमी समदे खुशाल. माझ्या मेंढरांना नावं ठेवलीस, ते ध्यानात हाय.

अस्मीचं वाचून तुझी आईच डोळ्यापुढं आली. शरणम्मा कर्नाटकातनं आमच्या घरात आली तवा तिला मराठी येत न्हवतं. माझी आई पहाटं तिला 'ऊठ' म्हणायची. कानडीत 'ऊट' म्हंजी जेवण. ही रोज तोंड धुऊन ताट घेऊन चुलीपुढं बसायची! समदं घर हसलं आन् ही मुकी झाली. मग म्याच कानडी शिकलो. तिला जेवलीस का म्हणून कानडीत इचारलं, ते इतकं वाकडं निघालं की ती खदखदा हसली आन् नीट म्हणून दावलं. तवापासनं गप बसलेली न्हाय. आता बी मागून बोलतीच हाय.

तवा पोरीला शिकवू नगं. बाईला म्हणावं, तुमीच आमचा एक शब्द शिका. धनगराची नात हाय, अशी परत फिरायची न्हाय.

आमच्यावर जीव ठिवा.

तुझा,
आप्पा

स्लोव्हाकिया,
२० मार्च

ति. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

बोलली, आप्पा, बोलली! तुमचं पत्र मी बाईंना मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्या लई हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात अस्मिताची बाटली उचलून त्यांनी विचारलं, हे 'पानी' का? हिनं नाही म्हणून मान हलवली. त्या पुन्हा 'पानी'च म्हणाल्या. शेवटी हिला राहवेना. उभी राहून ठसक्यात म्हणाली, पानी तुम्ही, हे पाणी! आणि तेही त्यांच्या भाषेत! बाईंची जीभ काही 'ण'ला वळेना, तर ही बोट नाचवत त्यांना शिकवत राहिली.

आता सरहद्दीवरची अख्खी शाळा 'ण' घोकते. पुलापलीकडच्या पोरांनाही लागण झालीय. यांनी गावी पाठवायचा विषय सोडला. भेटेल त्या ड्रायव्हरला लेकीचं कौतुक सांगत सुटतात.

तुमचा हात असाच पाठीवर असू द्या.

आपली,
सृष्टी

ता. उमरगा,
११ एप्रिल

चि. सौ. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पारावर दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा कुणी मागितलं न्हाय, म्याच वाचलं. तुझ्या आईनं गावभर गूळ वाटला, कानडीत बी सांगितलं आन् मराठीत बी. लई अभिमान वाटला, पोरी.

अडचण एकच. सुट्टीत अस्मी इथं येणार, आन् म्या जन्मभर 'पानी'च म्हणत आलोय. मेंढरांमागं एकटा असलो की घोकतो, पर जमंना. असू दे. तिला सांग, आज्जा पाटी घेऊन बसलाय.

तुझा,
आप्पा