सात वाण

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

विंझरला एसटीतून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. वसतिगृहाची स्वयंपाकीण बाळाबाई मला न्यायला आली होती. माझी ट्रंक बघून म्हणाली, "बाई, कामाला आलाय का नांदायला?" अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी असं विचारेल, असं वाटलं नव्हतं. चढ संपेपर्यंत दोघी हसत होतो.

वसतिगृह लहानसं, स्वच्छ. सहा ते दहा वर्षांच्या वीस मुली, आणि मी त्यांची नवी अधीक्षिका. खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं दिसतात, ओल्या पेंढ्याचा वास येतो. इथे मला बरं वाटणार आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पुण्याच्या प्रयोगशाळेतून नूतन नावाची मुलगी आली होती. इथल्या मुलींच्या डोक्यात नायटा आहे. गावात त्याला चाई म्हणतात. केस गळून गोल चट्टे पडतात. नूतनने प्रत्येकीच्या डोक्यावरून नवा टूथब्रश फिरवून नमुना घेतला. मागच्या नमुन्यांत या बुरशीचे सात निरनिराळे वाण निघाले, प्रत्येक वाडीचा आपापला. जनुकांचं मला काही कळेना, तेव्हा तिने खाचरांकडे बोट दाखवलं. इंद्रायणी वेगळा, आंबेमोहोर वेगळा, तसंच हे. वेगळे आहेत तोवर औषधाला दबतात, एकमेकांत मिसळले तर काय होईल ते तिलाही ठाऊक नाही. एकीचं दुसरीच्या डोक्याला लागू देऊ नका, असं बजावून गेली.

डोकं स्वच्छ निघालं ते एकट्या शिवानीचं. आठ वर्षांची, वरच्या धनगरवाड्यातली. आईबाप नाहीत. तिची आजी धोंडाबाई काल तिला सोडायला आली होती. माझा हात धरून म्हणाली, "येवडी एकच हाय मला. जशी दिली तशी माघारी द्या." मी शब्द दिला.

रविवार, १७ नोव्हेंबर

मुली वाडी-वाडीने वेगळ्या बसतात. शिवानी तर टाकीपाशी एकटीच. एक मुलगी नाक उडवून म्हणाली, "तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो." मला फार लागलं ते.

लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर आम्हाला भिंतीकडे तोंड करून वेणी घालायला लावायच्या. दुसरीच्या केसाला हात लावायचा नाही. मे महिन्यात घरी गेले की आई तेल लावायची. वर्षभर मी तिच्या बोटांची वाट बघायचे.

म्हणून आज वीसही जणींना पायऱ्यांवर एका ओळीत बसवलं. मुद्दाम सगळ्या वाड्या मिसळून. प्रत्येकीने पुढचीला तेल लावायचं. खोबरेलाची वाटी हातोहात वर आली. शिवानी मार्गासनी गावच्या वर्षाराणीच्या मागे बसली आणि शिवानीच्या मागे मी. शेवटी शिवानीने हट्टाने माझ्याही केसांना तेल लावलं. कंगवे प्रत्येकीचे वेगळेच होते, म्हणजे मी नूतनचं ऐकलं नाही असंही नाही.

कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

सोमवार, २५ नोव्हेंबर

काल पुन्हा तेलाची ओळ. आता मुली रविवारची वाट बघतात.

आज वर्षाराणी बाळाबाईला सांगत होती, "आमची चांदी व्याली तवा आजीनं कोकरू चुलीपाशी निजवलं." वर्षाराणीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, मेंढ्या कुठल्या? शिवानीकडून ऐकलं असेल. शिवानीला मी मेंढीचं नाव विचारलं. तिला आठवेना. लाजून हसली.

नूतन नवे नमुने घेऊन गेली.

मंगळवार, ३ डिसेंबर

नूतनचा फोन आला. सातही वाण गेले. वीसही डोक्यांत आता एकच आहे, सातांचे तुकडे जोडून झालेला. शिवानीच्याही. औषध चालत नाही. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. विचारत होती, मुली एकत्र कशा आल्या? काही केलंत का?

मी नाही म्हटलं. इतकं सहज.

शुक्रवार, ६ डिसेंबर

डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळ्यांची डोकी भादरली. वीसही जणींना चट्टा एकाच जागी, डाव्या कानामागे. वीस डावे हात एकदमच वर जातात, एकदमच खाजवतात.

शाळेत 'माझे घर' हा निबंध होता. एकोणीस वह्यांत एकच घर. तोच माळ, तोच काळा कुत्रा, खोकणारी आजी.

शिवानीची वही कोरी. तिला म्हटलं, बाळ, आजीबद्दल लिही की. तिने विचारलं, कंची आजी?

धोंडाबाईला निरोप धाडला. लवकर ने हिला. अजून थोडी उरली असेल.

रविवार, ८ डिसेंबर

तेल बंद केलं. तरी तेलाच्याच वेळी, अकरा वाजता, मुली आपणहून पायऱ्यांवर जाऊन बसल्या. ओळीत. हात पुढचीच्या डोक्यावर.

बाळाबाई काम सोडून गेली. म्हणाली, "बाई, वीस न्हाईत ह्या. एकच हाय."

मंगळवार, १० डिसेंबर

डाव्या कानामागे खाजतंय —

तेलाने नव्हे. घामाने असेल.

आईची बोटं आठवायला बसले. आली ती खरखरीत, भेगाळलेली. लोकरीचा वास. माझ्या आईचे हात मऊ होते. मऊच होते ना? तिचं नाव —

गुरुवार, १२ डिसेंबर

धोंडाबाई आली. फाटकातच एकोणीस जणींनी तिला वेढलं. आजी, आजी. एकीने कमरेची चंची ओढली, एकीने विचारलं, कोकरू जगलं का.

शिवानी पायरीवरून हलली नाही. म्हणाली, मार्गासनीला आमचं दुकान हाय, ही म्हातारी कोण?

धोंडाबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. निरखून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तोंड माज्या पोरीचं हाय. पोर कुठं ठिवलीसा?"

तेलाचं सांगायचं होतं. पायऱ्यांचं. खोटं बोलले त्याचं. पण पळून खोलीत आले, कडी लावली. हे सगळं लिहून ठेवते, नूतनला मिळेल —

बाहेर म्हातारी हाका मारते आहे. शिवे, ए शिवे. एकोणीस जणी ओ देतायत.

मी ओ देणार नाही. माझं नाव सुलक्षणा. माझी आई पुण्याची, तिचे हात — माळावर वारा लई असतो, ती पदराखाली घ्यायची, मला — मला न्हाई, शिवानीला —

पुन्हा हाक. कवाची हाक मारतीय. खोकला लागंल तिला.

आजी, कडी निघंना, म्या हितं हाय, म्या