आबांची गाडी गिअरमध्ये ओरडते

भुजजवळ, पवनचक्कीच्या कामावर,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
रितेशचा सा. न. वि. वि.

पत्र फाडू नका, आधी वाचा. आई फोनवर म्हणाली, आपली गाडी ओरडते. कशी ते विचारलं, तर म्हणाली कुकरसारखी. धाकट्या दीपालीला विचारलं, तर ती म्हणाली रेड्यासारखी. कुकर आणि रेडा यांच्या मधला फॉल्ट मला सापडत नाही. गाडी चालवता तुम्ही, आणि तुम्ही तर माझ्याशी बोलत नाही.

तीन वर्षांमागे मी विहिरीचा पंप खोलला, परत जोडला आणि चार नट हातात उरले. पंप पाणी वर चढवायचं सोडून विहिरीतच ढवळत बसला. तेव्हा तुम्ही देवळात शपथ घेतलीत, हा एक तरी काम शेवटाला नेत नाही तोवर याच्याशी तोंडाने बोलणार नाही. मी शेजारीच उभा होतो. तोंडाने म्हणालात. हाताने लिहिणार नाही असं कुठे म्हणालात? आठवीत शाळा सोडली म्हणून काय, एवढं कळतं.

तेव्हा एवढंच लिहा. न्यूट्रलला ओरडते का? गिअरमध्ये ओरडते तेव्हा वेग वाढतो, की नुसता आवाज? चटई पॅडलवर चढत नाही ना? वाडीतला बाबू मेकॅनिक क्लच प्लेट बदला म्हणतोय असं कळलं. त्याला हात लावू देऊ नका. हे काम माझं.

आईला नमस्कार, दीपालीला टपली. तीन वर्षं साठवलेला लोभ थोडा इकडे पाठवावा.

तुमचा,
रितेश


मिरजोळे,
२३ जानेवारी २०२५

चि. रितेश यास,
अनेक आशीर्वाद.

लिहिलेलं शपथेत बसतं का म्हणून गुरवाला देवाकडे कौल लावायला सांगितला. देवाला लावलेल्या फुलांपैकी उजवा कळा पडला, म्हणजे लिहायला हरकत नाही. नाहीतर पत्र चुलीत गेलं असतं.

तुझ्या पत्रात पत्ता भुजचा, पाकिटावर शिक्का बारमेरचा. तू पत्र लिहून टाकायला जाईपर्यंत नोकरी बदलतोस की काय? म्हणून हे पत्र दोनदा लिहून दोन्हीकडे पाठवतो आहे.

न्यूट्रलला गाडी गाईसारखी गप्प. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की कोकलते, आणि रेसवरचा पाय उचलला तरी पळते. चटई तुझ्या आईने मिरच्या वाळवायला नेली ती नेलीच.

वेग वाढतो का विचारतोस. रविवारी तुझ्या मामाच्या उन्मेषचं लग्न होतं. नवऱ्याच्या गाडीमागून आम्ही. भाट्याच्या पुढच्या चढावर आमच्या गाडीने एसटीला मागे टाकलं, मग वाजंत्रीवाल्यांच्या टेंपोला, मग नवऱ्याला. मांडवात आम्ही वीस मिनिटं आधी. मुलीकडच्यांनी घाईत मलाच ओवाळलं. मी नवरा नाही म्हणून सांगत होतो, पण त्यांना वाटलं लाजतोय. सासऱ्याने माझे पाय धुतले. तेव्हापासून तुझी आईही माझ्याशी बोलत नाही. घरात सगळं दीपालीमार्फत चालतं.

बाबूला थांबवलं आहे. काय ते लवकर लिही. आशीर्वाद दोन्ही पत्त्यांवर सारखेच आहेत.

आबा


बारमेर,
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पोचली. भुजचं मित्राने फोनवर वाचून दाखवलं. लग्नाचा भाग त्याने तिथे सगळ्यांना वाचून दाखवला, माफ करा.

क्लच घसरत असता तर नुसता आवाज वाढला असता आणि गाडी चढावर रडली असती. तुमची तर नवऱ्याच्या पुढे गेली. म्हणजे क्लच ठणठणीत. रेस दुसरंच कोणीतरी देतंय, आणि तेही गिअर पडल्यावर. कसं असतं आबा, जोर आला की इंजिन आपल्या बैठकीच्या रबरांवर कलतं. रबरं थकली की जास्तच कलतं, जेवून पाटावरून उठणाऱ्या माणसासारखं. तेव्हा रेसची वायर कुठेतरी ओढली जात असणार.

गाडी खळ्यात सपाट उभी करा. चारी चाकांना पुढून मागून चिरे लावा, हँडब्रेक ओढा. समोर कोणी उभं राहायचं नाही. दीपाली पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडेल आणि लगेच दाबेल. तिला गाडी येते, मीच शिकवली. तुम्हाला माहीत नव्हतं, आता झालं. तुम्ही बाजूने बॉनेटमध्ये बघा. गाडी चालू असताना हात घालू नका.

ठेकेदार जैसलमेरला चल म्हणत होता. मी म्हटलं, आबांची गाडी नीट होईपर्यंत पत्ता बदलायचा नाही. हे काम शेवटाला गेलं तर शपथ सुटते का, तेवढं देवाला विचारून ठेवा. आवाज विसरायला लागलोय तुमचा.

दीपालीला ओरडू नका. लोभ तिच्यावरही असू द्या.

रितेश


मिरजोळे,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रितेश यास,
अनेक आशीर्वाद.

आठ चिरे लावले. दीपालीने गिअर टाकला, इंजिन उठलं आणि दिसलं. रेसची वायर सुंभाने बॉनेटच्या कडेला करकचून बांधलेली. इंजिन कललं की सुंभ वायर ओढतो, रेस वाढते, इंजिन आणखी कलतं. हे कोणी केलं म्हणून बाबूला बरंच सुनावलं. सुनावून झाल्यावर आठवलं, दिवाळीत वायर लोंबताना दिसली म्हणून मीच बांधली होती. आंब्याच्या पेटीला मारतो तीच गाठ. गाडी बंद करून गाठ सोडली. परवा भाट्याच्या चढावर एसटी आमच्या पुढे गेली, ड्रायव्हरने मुद्दाम हात केला.

मग देवळात गेलो. पोराने काम पुरं केलं का म्हणून कौल लावला. डावा कळा पडला, म्हणजे नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावा. तुझी आई देवळाच्या पायरीवर बसून राहिली. मग मी विचारलं, काम माझ्या हातचं का? उजवा. देवाचं चुकलं नाही. गाठ माझ्या हाताने सुटली.

घरी आलो. मग बॉनेट उघडलं आणि सुंभ होता तसा परत बांधला. गाडी पुन्हा कोकलते. बाबू म्हणतो, आबांना लागलंय काहीतरी. तुझी आई मात्र माझ्याशी बोलायला लागली.

शिमग्याची पालखी दारात यायच्या आधी ये आणि तुझ्या हाताने सोड. तोवर गाडी चिऱ्यांमध्ये उभी, चावी देव्हाऱ्यात. नवी रबरं आणून ठेवली आहेत, तीही तूच बसव. नट मोजून ठेवले आहेत, नऊ आहेत. एकही उरता कामा नये.

वाटेत दुसरी नोकरी धरू नको. पहिला शब्द काय बोलायचा ते मी ठरवलं आहे, तो इथे लिहीत नाही.

लोभ आहेच. येऊन घेऊन जा.

आबा